वर्गसमीकरणाला आलेखाची जोड
तंत्रज्ञान, गटकार्य आणि वऱ्हाडातील गणिताचा तास

इयत्ता दहावीच्या गणितात 'वर्गसमीकरणे' हे प्रकरण सुरू झाले की वर्गाचे नकळत दोन भाग पडतात. एका भागाला अवयव चटकन सुचतात. दुसरा भाग फळ्यावरील पायऱ्या निमूटपणे वहीत उतरवून घेतो. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण दिले, तर २ आणि ३ ही उत्तरे पुष्कळांना काढता येतात. मात्र 'ही २ आणि ३ म्हणजे नेमके काय?' असे विचारले की दोन्ही भाग सारखेच गप्प होतात. 'मुळे' हा शब्द सर्वांनी ऐकलेला असतो, सूत्रही पाठ असते. पण ते कशाचे मूळ आणि ते कुठे रुजले आहे, याचे चित्र कोणाच्याही डोळ्यांपुढे नसते.

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे राज्य मंडळाच्या अमरावती विभागात येतात. येथील शाळांमध्ये शहरी, ग्रामीण आणि आदिवासी अशी सर्व प्रकारची मुले आहेत. या मुलांपैकी अनेकांचा गणिताशी असलेला संबंध दहावीनंतर कायमचा तुटतो; आणि तो तुटण्याची सुरुवात पुष्कळदा बीजगणिताच्या अशाच एखाद्या न समजलेल्या प्रकरणापाशी होते. संगणक, मोबाईल आणि गटकार्य यांच्या साहाय्याने वर्गसमीकरणाला अर्थ कसा देता येईल, त्यात कोणते धोके आहेत आणि आपल्या परिस्थितीत काय शक्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समीकरण आणि फल

बालभारतीच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकात पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आणि दुसरे वर्गसमीकरणांचे आहे. पहिल्या प्रकरणात विद्यार्थी आलेख काढतो. दोन रेषा जेथे छेदतात तो बिंदू म्हणजे समीकरणांची उकल, हे त्याला डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या प्रकरणात मात्र भर मुख्यतः बीजगणितीय पद्धतींवर असतो : अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे, सूत्र वापरणे, विवेचक काढणे. नुकताच हाती घेतलेला आलेखाचा कागद नेमका गरज असताना दप्तरात परत जातो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात बहुपदीच्या शून्यांचा भौमितिक अर्थ आलेखासह दिलेला आहे. राज्य मंडळाच्या शिक्षकांनाही तीच वाट एक-दोन तासिकांत चालता येण्यासारखी आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'क्ष² − ५क्ष + ६ = ०' हे समीकरण एक प्रश्न विचारते : क्षची कोणती किंमत घेतली असता डावी बाजू शून्य होते? याउलट 'य = क्ष² − ५क्ष + ६' हे फल आहे. ते क्षच्या प्रत्येक किमतीला यची एक किंमत जोडून देते. या सर्व जोड्या कागदावर मांडल्या की जो वक्र तयार होतो त्याला अन्वस्त म्हणतात. हा वक्र आडव्या अक्षाला जेथे भेटतो, तीच समीकरणाची मुळे होत. म्हणजे समीकरण हा फलाच्या संपूर्ण कथेतील एक प्रसंग आहे. आपण मुलांना प्रसंग शिकवतो आणि कथा सांगायची राहून जाते.

थोडा इतिहास

वर्गसमीकरण ही काही परकी वस्तू नव्हे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त अशी समीकरणे सोडवण्याचा नियम दिला. श्रीधराचार्याची रीत भास्कराचार्याने आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात उद्धृत केली आणि त्यामुळेच ती आपल्यापर्यंत पोहोचली. भास्कराचार्याचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा. वऱ्हाडला लागून असलेल्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेखात, त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी वंशजांनी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे.

भास्कराचार्याची दोन उदाहरणे आजच्या वर्गातही तितकीच उपयोगी आहेत. पहिले माकडांच्या कळपाचे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला असता येणारी माकडे वनात बागडत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती? समीकरण क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे होते आणि उत्तरे १६ व ४८ अशी दोन येतात. दोन्ही पडताळून पाहता बरोबर ठरतात : १६ च्या आठव्या भागाचा वर्ग ४, अधिक १२; ४८ च्या आठव्या भागाचा वर्ग ३६, अधिक १२.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक दिसत राहिले. येथे उत्तरे ५० आणि ५ अशी येतात. परंतु ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात. माकडे ऋण कशी असतील? म्हणून भास्कराचार्य हे उत्तर ग्राह्य धरत नाही. समीकरण जे देते ते सर्व परिस्थिती स्वीकारतेच असे नाही, हा धडा साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आणि उत्तरपत्रिकेत 'ऋण किंमत अग्राह्य' असे यांत्रिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागचे कारण येथे सापडते.

अल् ख्वारिज्मी या नवव्या शतकातील गणितीची रीत तर पुठ्ठा आणि कात्री घेऊन करता येते. क्ष² + १०क्ष = ३९ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. क्ष बाजूचा एक चौरस घ्यावा. १०क्ष क्षेत्रफळाची पट्टी दोन समान भागांत कापून, ५ रुंदीच्या त्या दोन पट्ट्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना लावाव्यात. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहते. ती भरली की मोठा चौरस पूर्ण होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४ होते. म्हणून बाजू ८ आणि क्ष = ३. 'पूर्ण वर्ग' हा शब्दप्रयोग का पडला, हे ज्या विद्यार्थ्याने ती रिकामी जागा स्वतःच्या हाताने भरली त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. −१३ हे दुसरे मूळ मात्र पुठ्ठ्यात दिसत नाही. ते का दिसत नाही, ही चर्चा गटासाठी राखून ठेवावी.

यंत्राआधी विहीर आणि वावर

तंत्रज्ञानाचा आरंभ यंत्राने करू नये, असा या विषयातील पहिला नियम सांगता येईल. आधी अनुभव, मग कोष्टक, मग हाताने काढलेला आलेख आणि त्यानंतर पडदा, असा क्रम ठेवावा.

वऱ्हाडातील मुलांना विहीर परिचित आहे. विहिरीत सोडलेला दगड पाण्यावर पडल्याचा आवाज येईपर्यंत किती वेळ लागतो, यावरून पाण्याची खोली काढता येते. हवेचा विरोध सोडून दिल्यास वेळेच्या वर्गाला ४.९ ने गुणले की अंतर मीटरमध्ये मिळते. १ सेकंदाला ४.९ मीटर, २ सेकंदांना १९.६ आणि ३ सेकंदांना ४४.१. आता प्रत्येक सेकंदात कापलेले अंतर पाहा : ४.९, १४.७, २४.५. ही वाढ सारखी नाही. पण वाढीतील वाढ मात्र प्रत्येक वेळी ९.८ इतकीच आहे. ऑटोच्या भाड्यात प्रत्येक किलोमीटरला ठराविक रक्कम वाढते, म्हणून त्याचा आलेख सरळ रेषा होतो. येथे फरकाचा फरक ठराविक आहे. वर्गीय फलाची ही खूण होय. ही खूण सूत्राशिवाय, केवळ वजाबाकी करून, आठवीच्या विद्यार्थ्यालाही शोधता येते.

हा प्रयोग कठडा असलेल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या विहिरीवर, शिक्षकांच्या समक्षच करावा. मोबाईलमधील घड्याळ वापरून चार गटांनी वेळ मोजली की चार वेगळी उत्तरे येतील, आणि तेच हवे आहे. २ सेकंदांऐवजी २.२ सेकंद मोजले गेले, तर खोली १९.६ ऐवजी सुमारे २३.७ मीटर येते. केवळ पाचवा भाग सेकंदाच्या चुकीने चार मीटरचा फरक का पडला? वर्ग करताना चूकही वाढते, हे विद्यार्थी येथे अनुभवाने शिकतात.

दुसरे उदाहरण शाळेच्या परसबागेचे. भिंतीला लागून आयताकृती जागा तीन बाजूंनी तारेने बंद करायची आहे आणि तार ४० मीटर आहे. भिंतीला काटकोनात असलेली प्रत्येक बाजू क्ष मीटर घेतली, तर भिंतीला समांतर बाजू ४० − २क्ष आणि क्षेत्रफळ ४०क्ष − २क्ष² होईल. प्रत्येक गटाने सुतळी घेऊन मैदानात निरनिराळे आयत आखावेत. क्ष ५ असता १५० चौरस मीटर, ८ असता १९२, १० असता २००, १२ असता पुन्हा १९२, १५ असता पुन्हा १५०. तार तेवढीच, पण जागा वाढत जाऊन पुन्हा कमी होते, हे पाहून वर्गात जी कुजबुज सुरू होते तीच गणिताची खरी सुरुवात होय. आलेखकागदावर हे बिंदू मांडले की १० च्या दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा वक्र दिसतो. १० हा शिरोबिंदूचा सहनिर्देशक आहे आणि क्षेत्रफळ शून्य होणाऱ्या ० व २० या किमतींच्या तो बरोबर मध्यावर आहे.

आता याच वावरात विवेचक आणून बसवता येतो. क्षेत्रफळ १५० हवे असेल तर समीकरण क्ष² − २०क्ष + ७५ = ० होते; विवेचक १०० आणि उत्तरे ५ व १५. क्षेत्रफळ २०० हवे असेल तर क्ष² − २०क्ष + १०० = ०; विवेचक शून्य आणि उत्तर एकच, १०. आणि कोणी २१० चौरस मीटर मागितले तर? समीकरण क्ष² − २०क्ष + १०५ = ०; विवेचक ४०० − ४२० = −२०. पुस्तक म्हणते, 'वास्तव मुळे नाहीत'. परसबाग म्हणते, 'एवढ्या तारेत एवढी जागा मिळतच नाही'. दोन्ही विधाने एकच आहेत. पहिले विधान हजारो मुले लिहितात. त्याचा दुसरा अर्थ ज्याला उमगला, त्याला विवेचक विसरणे कठीण जाते. 'याचं कुठी काम पडते जी?' या वर्गातील नेहमीच्या प्रश्नालाही यापेक्षा सरळ उत्तर नाही.

पडद्यावरील अन्वस्त

हाताने दोन-तीन आलेख काढून झाल्यावर संगणक किंवा मोबाईल बाहेर काढावा. या कामासाठी जगभर वापरले जाणारे 'जिओजेब्रा' हे सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात विकसित करण्यास सुरुवात केली. शैक्षणिक वापरासाठी ते विनामूल्य आहे आणि एकदा मोबाईलवर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. शिक्षकांना ते स्वतः शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्यावरील धडे आहेत.

य = अ·क्ष² + ब·क्ष + क हे फल देऊन अ, ब आणि क यांच्यासाठी तीन सरकपट्ट्या तयार कराव्यात. पट्टी सरकवली की वक्र हलतो. आलेखकागदावर एका तासिकेत दोन-तीन आलेख होतात; येथे काही मिनिटांत शंभर पाहता येतात. म्हणूनच येथे शिस्त अधिक लागते. नियम असा ठेवावा, की गटातील प्रत्येकाने 'काय होईल' याचा अंदाज वहीत लिहिल्याशिवाय कोणीही पट्टीला बोट लावायचे नाही. अंदाज न करता पाहिलेला आलेख म्हणजे नुसता चित्रपट.

कची किंमत बदलली की वक्र सरळ वर-खाली जातो आणि उभ्या अक्षाला क या उंचीवरच छेदतो. अ वाढवला की वक्र अरुंद होतो, कमी केला की पसरतो, शून्य केला की सरळ रेषा होते आणि ऋण केला की उलटा होतो. पुस्तकात 'अ ≠ ०' ही अट का दिलेली असते, याचे उत्तर येथे मिळते. खरी गंमत ब मध्ये आहे. ब बदलला की वक्र बाजूला सरकेल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो सरकतो, पण त्याच वेळी खाली किंवा वरही जातो. शिरोबिंदूचा माग ठेवण्याची सोय सुरू केली, तर तो बिंदू स्वतःच एक अन्वस्त काढत जातो, आणि तोही मूळ वक्राच्या उलट दिशेला तोंड असलेला. हे असे का होते? शिरोबिंदूचा आडवा सहनिर्देशक −ब/२अ आहे, हे ज्या गटाला ठाऊक आहे तो बीजगणिताने दाखवू शकतो की माग य = क − अ·क्ष² या वक्रावरच राहतो. हुशार विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्यासाठी यासारखे आव्हान दुसरे नाही.

नेहमीच्या चुकाही आलेखाने सुधारता येतात. क्ष² = ५क्ष हे समीकरण दिले की अनेक विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्षने भागतात आणि क्ष = ५ एवढेच उत्तर लिहितात. य = क्ष² − ५क्ष हा आलेख अक्षाला ० आणि ५ या दोन ठिकाणी भेटतो. एक मूळ भागाकारात हरवले, हे लाल शाईने सांगण्यापेक्षा असे दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. तसेच (क्ष − २)(क्ष − ३) = ६ यावरून क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६ असे लिहून ८ आणि ९ ही उत्तरे काढणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. ८ घालून पाहिल्यास डावी बाजू ३० येते. कंस सोडवले की हे समीकरणही क्ष² = ५क्ष हेच निघते. गुणाकार शून्य असला तरच अवयवांपैकी एक शून्य असतो. ६ बाबत तसा कोणताही नियम नाही.

चित्र सुचवते, सिद्ध करत नाही

पडद्याचा एक मोठा धोका येथे नोंदवणे आवश्यक आहे. य = क्ष² − २क्ष + १.०१ आणि य = क्ष² − २क्ष + ०.९९ हे दोन आलेख मोबाईलच्या पडद्यावर नेहमीच्या मापात पाहिले, तर दोन्ही आडव्या अक्षाला १ पाशी नुसते टेकल्यासारखे दिसतात. वस्तुतः पहिल्याचा विवेचक −०.०४ आहे, तो अक्षाला भेटतच नाही. दुसऱ्याचा विवेचक ०.०४ आहे आणि तो अक्षाला ०.९ व १.१ अशा दोन बिंदूंत छेदतो. डोळ्यांना जे 'एक मूळ' भासले, ते एकदा शून्य आणि एकदा दोन निघाले.

आलेख आला म्हणून बीजगणित सोडावे, असा समज करून घेणे म्हणूनच चुकीचे आहे. आलेख अंदाज देतो, दिशा दाखवतो, उत्तर तर्काला धरून आहे की नाही हे सांगतो; निर्णय मात्र बीजगणिताचा. समीकरणाचा फोटो काढताच पायऱ्यांसह उत्तर देणारी ॲप्स आज कोणालाही उपलब्ध आहेत. अशा काळात केवळ उत्तर काढण्याच्या कौशल्याची किंमत घटली आहे आणि ते उत्तर तपासण्याच्या कौशल्याची वाढली आहे.

गटकार्य : चौघांची चार कामे

'गट करा आणि सोडवा' एवढे सांगून गटकार्य होत नाही. तसे केल्यास एक विद्यार्थी सोडवतो, एक उतरवतो आणि दोघे खिडकीबाहेर पाहतात. प्रत्येकाजवळ असे काही असले पाहिजे, जे इतरांजवळ नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांत 'जिगसॉ' नावाची पद्धत याच तत्त्वावर उभी केली. तुकड्या जोडून पूर्ण चित्र तयार करण्याच्या खेळावरून तिला हे नाव मिळाले. वर्गसमीकरणांसाठी ती चपखल बसते, कारण या प्रकरणात तीन बीजगणितीय रीती आणि चौथा आलेख असे चार तुकडे आयतेच आहेत.

प्रथम चौघांचे मूळ गट करावेत. प्रत्येक गटातील एकाला अवयव, दुसऱ्याला पूर्ण वर्ग, तिसऱ्याला सूत्र आणि चौथ्याला आलेख असे काम द्यावे. मग एकाच रीतीचे विद्यार्थी एकत्र बसून ती रीत पक्की करतात. गर्दीच्या वर्गात अशा एका रीतीचे दोन-तीन लहान गट करावेत. त्यानंतर प्रत्येकाने मूळ गटात परत येऊन आपली रीत इतर तिघांना शिकवायची. परसबागेचे क्ष² − २०क्ष + ७५ = ० हेच समीकरण सर्वांना द्यावे. पहिला म्हणतो, (क्ष − ५)(क्ष − १५). दुसरा म्हणतो, (क्ष − १०)² = २५. तिसरा सूत्रात २० ± १० ला २ ने भागतो. चौथा वक्र दाखवतो. उत्तर सर्वांचे एकच. मग चार रीती कशाला, असा प्रश्न निघायलाच हवा. तेव्हा लक्षात येते, की अवयवांनी मुळे चटकन दिली, पूर्ण वर्गाने शिरोबिंदूचा १० आपोआप दाखवला, सूत्र कोणत्याही समीकरणाला लागू पडते, आणि आलेखाने हे सर्व एका दृष्टिक्षेपात आणले.

या पद्धतीतील गाभ्याची गोष्ट अशी, की एरवी कोपऱ्यात बसणाऱ्या विद्यार्थ्याजवळही त्या तासापुरती एक गोष्ट असते जी गटाला हवी असते. शेवटी उत्तर सांगण्यासाठी गटातून कोणालाही, चिठ्ठी टाकून, उभे करावे. त्यामुळे 'माझ्या शेजाऱ्याला समजले पाहिजे' ही जबाबदारी गटावर येते. संपूर्ण जिगसॉला दोन तासिका लागतात. तेवढा वेळ नसल्यास 'आधी एकटा विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर' ही सोपी रीत दहा मिनिटांत होते.

आपल्या भागातील वास्तव

शाळांमध्ये संगणक पोहोचवण्यासाठी केंद्र शासनाची 'शाळांमधील आयसीटी' योजना २००४ पासून राबवली गेली. पुढे तिचा समावेश समग्र शिक्षा अभियानात झाला. २०१५ मध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ आले आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. मेळघाटातील धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव शासनाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने 'डिजिटल गाव' म्हणून विकसित करण्यास घेतले, त्याचीही देशभर चर्चा झाली. यंत्र पोहोचवणे ही पहिली पायरी होय. त्या यंत्रावर मूल स्वतः काही करते की केवळ पडद्याकडे पाहत बसते, हा प्रश्न प्रत्येक वर्गात नव्याने सोडवावा लागतो.

म्हणून या लेखातील योजना चौघांत एक मोबाईल एवढ्यावरच आखलेली आहे. शिक्षकाचा एकच मोबाईल असला तरी गटांनी अंदाज फळ्यावर लिहून मग तो पाहता येतो. वीज गेली किंवा बॅटरी संपली, तर आलेखकागद, सुतळी आणि पुठ्ठा आहेतच. घरी मोबाईल लागेल असा गृहपाठ मात्र देऊ नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातील एकमेव फोन कोणाच्या हाती जातो हे सर्वांनी पाहिले. मुलीच्या वाट्याला तो शेवटी येतो. मोबाईल वर्गात आणि गटातच वापरला, तर ही विषमता निदान त्या तासापुरती तरी दूर राहते. गटातही फोन प्रत्येक तासिकेला वेगळ्या हाती जाईल, हे पाहिले पाहिजे.

भाषेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. मेळघाटातील अनेक मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातील असून मराठीहून सर्वस्वी भिन्न आहे. अमरावती, अचलपूर, अकोला येथे उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर गणित इंग्रजीत आणि उरलेले जग मराठीत अशी विभागणी असते. गटातील चर्चा मुलांना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्यावी आणि निष्कर्ष माध्यमाच्या भाषेत मांडायला लावावा. वक्र कोणत्याही भाषेत तोच असतो, हा आलेखाचा मोठा गुण. 'जिथे टेकते', 'जिथून वळते', 'दोन्हीकडे सारखे' असे मुलांचे शब्द आधी येऊ द्यावेत. त्यांवर 'मूळ', 'शिरोबिंदू', 'सममिती अक्ष' या संज्ञा नंतर बसवाव्यात.

मूल्यमापन

दहावीच्या गणितात ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षांबरोबर २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला आहेत. लेखी परीक्षेसाठी पायऱ्यांचा सराव लागतोच; तो टाळून चालणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाची तयारी करून घेताना मात्र उलटे प्रश्न विचारता येतात. ३ आणि −५ ही मुळे असलेली दोन वेगळी वर्गीय फले लिहा. एकही वास्तव मूळ नसलेले फल तयार करा आणि ते का नाही हे सांगा. किंवा संत्र्यांचा हा काल्पनिक व्यवहार घ्या : ४० रुपये किलो भावाने दिवसाला १०० किलो संत्री विकली जातात, भाव एका रुपयाने वाढवला की विक्री २ किलोंनी घटते. मग विक्रीची रक्कम (४० + क्ष)(१०० − २क्ष). भाव १० रुपयांनी वाढवला तरी रक्कम पूर्वीइतकीच, ४००० रुपये. ५ रुपयांनी वाढवला तर ४०५० आणि तीच सर्वाधिक. वरूड-मोर्शीकडील मुलाला हे कोडे परके वाटणार नाही. अशा प्रश्नांची उत्तरे फोटो काढून मिळाली, तरी ती समजावून सांगताना विद्यार्थ्याची समज उघड होतेच.

वर उल्लेखिलेल्या कामाला एकूण सहा तासिका पुरतात : एक विहीर व कोष्टकासाठी, एक परसबाग व हाताने काढलेल्या आलेखासाठी, एक सरकपट्ट्यांसाठी, दोन जिगसॉसाठी आणि एक उलट्या प्रश्नांसाठी. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत सहा तासिका फार वाटतील. परंतु सूत्र पाठ करून घेण्यात, ते विसरल्यावर पुन्हा सांगण्यात आणि सराव परीक्षेनंतर तिसऱ्यांदा समजावण्यात किती तासिका जातात, याचा हिशेब प्रत्येक गणित शिक्षकाने स्वतःशी करून पाहावा. दहावीनंतर यांतील पुष्कळ मुले पुन्हा कधीही समीकरण सोडवणार नाहीत. पण तेवढ्याच तारेत अधिक जागा कशी मिळेल, भाव कुठवर वाढवावा आणि कोणती मागणी मुळातच अशक्य आहे, हे प्रश्न त्यांना आयुष्यभर पडणार आहेत.